अझुबा म्हणजे राणी

शिवणाच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं, की मापाची पट्टी त्याच्या कमरेला लागायच्या आत आई लेकीच्या नावाची कथा सुरू करायची. त्या दिवशी पाळी निवृत्त मास्तरांची होती. पँटची लांबी कमी करायची होती. लेक त्यांच्या पायाशी बसून दुमड टाचत होती.

"ही माझी अझुबा," आई मशीनवरून म्हणाली. "हिब्रू नाव. शोधून दाखवा दुसरी कुणी. ही पोटात असताना एक गिऱ्हाईक बाई सांगून गेल्या, फार पूर्वी या नावाची राणी होती. म्हटलं, ठरलं. अझुबा म्हणजे राणी."

"हिब्रू?" मास्तरांचे डोळे लकाकले. "अहो, जुन्या भाषा शिकवण्यात जन्म गेला माझा."

लेकीचा टाचणीचा हात थांबला. राणी होऊन गेली हे खरं, पण नावाचा अर्थ राणी नव्हता. शाळकरी वयातच वाचनालयातल्या कोशात तिनं तो पाहिला होता: सोडून दिलेली. कोश मिटला, तोंडही मिटलं. आईनं हे नाव तिच्या एकेका फ्रॉकच्या आत रंगीत दोऱ्यानं भरलं होतं. तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"हलू नका, काका."

"राणी होती खरी. पण बाई, त्या शब्दाचा मूळ अर्थ..."

लेकीनं टाचणी थेट त्यांच्या घोट्यात खुपसली.

मास्तर कळवळले. आई मशीन सोडून धावली. "लक्ष कुठंय तुझं? माफ करा हो. वाचून वाचून वेंधळी झालीय नुसती."

मास्तरांनी घोटा चोळत खाली पाहिलं. लेकीनं नकारार्थी मान हलवली, जेमतेम दिसेल इतकी. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"हं, काय सांगत होतात?" आई म्हणाली. "मूळ अर्थ?"

मशीन बंद होतं. रस्त्यावरून कुणी जातही नव्हतं.

"मूळ अर्थही राणीच," मास्तर म्हणाले.

"ऐकलंस? आणि कॉलेजात जाताना बाईसाहेबांना नाव बदलायचं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कापड बेतता बेतता आई कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"बसा थोडा वेळ," नर्स म्हणाली आणि दार ओढून गेली.

आईच्या ब्लाउजला दोन धागे चिकटले होते. लेकीनं ते काढले. सवयीनं दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना.

"आई, मास्तर खोटं बोलले. मीच बोलायला लावलं." तिनं ते धागे बोटाला गुंडाळले. "अझुबा म्हणजे सोडून दिलेली. मला केव्हापासून ठाऊक होतं. पण तू होतीस ना, म्हणून तसं कधी वाटलंच नाही."