जुन्या चर्चचा अर्धा बाक

मी एक जुना अर्धा बाक आहे, मित्रांनो. जन्मलो तेव्हा अख्खा होतो.

केंटकीत, ओहायो नदीच्या अलीकडच्या काठावर, एका गावच्या चर्चमध्ये मी शेवटच्या रांगेत होतो. अस्सल अक्रोडाचा. मला इनॉकने घडवलं. इनॉक प्रुइटसाहेबांचा गुलाम आणि त्याची बायको केझाया क्राउडरसाहेबांची. आठवडाभर दोघं दोन मळ्यांवर राबत आणि रविवारी प्रार्थनेला माझ्यावर शेजारी शेजारी बसत. तेवढाच त्यांचा संसार. म्हणून मला गुळगुळीत करताना इनॉकने हात राखला नव्हता. पाहुणे पाद्रीसुद्धा माझं कौतुक करत. बसत मात्र पुढे.

पुढे गुलामगिरीवरून देशभर तट पडले. उत्तरेचे चर्चवाले म्हणाले, हे पाप आहे. दक्षिणेचे म्हणाले, ही देवाचीच व्यवस्था आहे. आमचं गाव मधोमध, त्यामुळे आमच्याकडे दोन्ही मतं मुबलक. प्रुइटसाहेब उत्तरेच्या बाजूला गेले. गुलाम त्यांच्याकडेही होते, पण मत विरोधी होतं. त्यांचे मेहुणे क्राउडर दक्षिणेच्या बाजूला गेले. मग भाऊबंदकीत होतं तेच झालं. वाटणी निघाली.

माणसं मोठी न्यायी. घंटा एकाला, शेगडी दुसऱ्याला, बाक निम्मे निम्मे. शेवटी मी एकटा उरलो.

"दाजी, हा आमचा," क्राउडर म्हणाले.

"का म्हणून? लाकूड माझं, सुतार माझा."

"खिळे मी दिले होते. उपटून द्या, मग न्या बाक!"

कोणीच हटेना. अखेर मला मधोमध कापायचं ठरलं आणि इनॉकला बोलावणं गेलं. केझाया तिथेच झाडत होती.

"भांडण आपल्यावरून," ती पुटपुटली, "आणि आपल्याला कोणी काही विचारलं का?"

"विचारलं ना," इनॉक म्हणाला. "करवत कुठाय म्हणून."

त्याने मला फार हळू कापलं.

माझ्या उघड्या टोकाखाली विटा रचल्या आणि मी प्रुइटसाहेबांच्या वाट्याच्या जुन्या चर्चमध्येच राहिलो. दुसरा भाग रस्त्यापलीकडे क्राउडरसाहेबांच्या नव्या चर्चमध्ये गेला. दोन्ही भाग दाराशीच होते, त्यामुळे उन्हाळ्यात दारं उघडी असली की नवराबायको रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना बघत. पण एका चर्चला दुसऱ्याचं गाणं सोसवेना. आधी आवाज चढले, मग भर उकाड्यात दारं लागली.

काही वर्षांनी क्राउडर 'आपल्या माणसांत' राहायला दक्षिणेकडे टेनेसीला निघाले. सामानात केझायाही होती. इनॉक टोपी हातात घेऊन माझ्याजवळ प्रुइटसाहेबांसमोर उभा राहिला.

"मालक, केझायाला विकत घ्या. जन्मभर दुप्पट राबेन."

"अरे इनॉक, माणसं विकत घेणं आमच्या चर्चला मंजूर नाही."

"मग मला सोडा. मी तिच्यामागे जातो."

"तुला सोडलं तर तू बिचारा खाशील काय?"

साहेबांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. केझाया गेली.

मग देशाचीही वाटणी निघाली. तिथे करवत पुरेना, तोफा लागल्या. दोन्ही चर्चमधली पोरं एकच प्रार्थना म्हणून एकमेकांवर गोळ्या झाडायला गेली. इनॉक उत्तरेच्या फौजेत शिरला आणि मोकळा झाला. युद्ध संपल्यावर टेनेसीत गावोगाव केझायाची चौकशी करत फिरला. परतला तो एकटाच, पांढऱ्या केसांनी.

बऱ्याच काळाने दोन्ही चर्चचा समेट झाला. माझा दुसरा भाग एका खुराड्यात सापडला. त्याला धुऊनपुसून आणलं, भाषणं झाली. थकलेले प्रुइटसाहेब गहिवरून म्हणाले, "इनॉक, तूच घडवलास, तूच जोड."

इनॉकने माझ्यावरून हात फिरवला.

"जोडतो की. लाकूड काय, तासाभरात जुळेल. आधी तिला आणून बसवा, साहेब."

मग कोणीतरी घाईने गाणं सुरू केलं.

मित्रांनो, मी अजून विटांवरच आहे. मला पुसलं नाहीत, रंग दिला नाहीत, तरी चालेल. पण कोणी डिंक आणि खिळे घेऊन आलाच, तर कृपा करून त्याला आधी टेनेसीचा रस्ता दाखवा.