बारा खोल्या, बाराही बंद

निष्ठा म्हणजे काय, हे माणसाने पक्ष्यांकडून शिकावं. मिशिगनमधल्या आमच्या बासवुड तळ्याच्या पक्षीनिरीक्षक मंडळाच्या पत्रकावर हे वाक्य दर वसंतात छापतात. लिहिलंय डेल्मर हुक्झेमाने. त्याची बायको आणि त्याच्या पाकोळ्या सहा महिन्यांच्या अंतराने त्याला सोडून गेल्या. बायको आधी.

भांडण असं झालं नाही. "दुर्बिणीतून तुला मैलभर लांबचं दिसतं डेल, समोर बसलेली मी दिसत नाही," म्हणाली आणि वर्ना पानगळीत तळ्यापलीकडे बहिणीकडे राहायला गेली. निघताना दारात थांबून म्हणाली, "वसंतात पाकोळ्या आल्या की कळव. बघायला येईन."

या जांभळट-काळ्या पाकोळ्या आमच्याकडे झाडावर राहत नाहीत. माणसाने उंच खांबावर बारा खोल्यांचं घर बांधून दिलं तरच उतरतात. बांधणाऱ्याला आम्ही घरमालक म्हणतो. नियम एकच, पण कडक: पाकोळी दिसेपर्यंत प्रत्येक दाराला बूच. नाहीतर चिमण्या घुसतात आणि मग कुणाचंच काही खरं नाही.

पुढच्या एप्रिलात पाकोळ्या आल्या त्या वर्नाने बहिणीच्या परसात उभारलेल्या नव्या घरात. त्यानंतरचे दोन वसंतही तिथेच. डेल्मर रोज पहाटे छपरावरच्या कर्ण्यातून पाकोळ्यांचं ध्वनिमुद्रित गाणं लावायचा. मी शेजारी राहतो. ते गाणं आता मला पाठ आहे.

यंदाच्या एप्रिलात एका सकाळी मी त्याच्या परसात कॉफी घेऊन बसलो होतो. तळ्याच्या काठचा बर्फ वितळला होता, मध्ये अजून करडा, कुजका बर्फ. त्यावरून चालताही येणार नाही आणि होडीही जाणार नाही असा. डेल्मरची दुर्बीण तिवईवर, तोंड नेहमीप्रमाणे पलीकडच्या काठाला.

"बदकं मोजतोय," तो म्हणाला.

"बदकं अलीकडे आहेत."

"जातील की तिकडे."

तेवढ्यात खांबावर काहीतरी उतरलं. चकचकीत, गडद, एकटा नर. एकेका दाराशी जाऊन मान वाकडी करून बघू लागला.

"मास्तर, हलू नकोस," डेल्मर कुजबुजला.

"मी कॉफी पितोय."

"आला रे! वर्नाला सांगायला हवं."

"मग फोन कर."

"फोनवर ती 'छान' म्हणेल. छान म्हणेल आणि ठेवून देईल."

गाडीत बसल्यावर त्याने आरशात बघून दोनदा केस सारखे केले. डोक्यावर केस फारसे नाहीत.

"येईल ना ती?"

"येईन म्हणाली होती."

"त्याला तीन वर्षं झाली, मास्तर."

वर्ना रबरी बूट घालून परसात उभी होती. पाकोळ्यांसाठी अंड्यांची टरफलं चुरत होती.

"काय रे डेल, सकाळी सकाळी? आग लागली की काय घराला?"

"आला. एक नर. आपल्या घरावर."

तिच्या हातातली ताटली तशीच राहिली. डेल्मरकडे ती बघत राहिली. त्याच्याकडे इतका वेळ कुणी बघताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"थांब," ती म्हणाली, "कोट घेते."

डेल्मरने माझा दंड धरला. अजून दुखतोय.

ती कोट घालून बाहेर आली. पायरीवरच थबकली.

"बुचं काढलीस ना?"

डेल्मरने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे.

"म्हटलं, आधी तुला सांगावं."

ती हसली नाही. रागावलीही नाही. नुसती वर बघायला लागली, म्हणून आम्हीही पाहिलं. तिच्या खांबावर, तिसऱ्या खोलीच्या उघड्या दारात, एक चकचकीत, गडद नर बसला होता.

"हा मघाशी नव्हता," वर्ना हळूच म्हणाली. मग तिने कोट काढला आणि दाराआडच्या खुंटीला अडकवला. "कॉफी घेणार का दोघं?"

तळ्याला वळसा घालून तिच्या घरापर्यंत रस्ता अकरा मैलांचा आहे. पाण्यावरून सरळ पाऊण मैल.