चार गल्ल्यांचा एक नळ

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. अंगावर पोचे पडले आहेत, कड गंजली आहे. पण मित्रांनो, माझा तोरा अजून गेलेला नाही. सोलापुरातली एक निवडणूक माझ्या तोंडातून गाजली, हे मी शेवटपर्यंत सांगणार.

येडू टिनवाल्याने मला घासलेटच्या डब्यापासून घडवले, १९२७ साली. पहिले कित्येक दिवस मला तोंडाला लावणाऱ्याच्या मिशांनाही घासलेटचा वास येई. माझा मालक रामहरी दवंडीवाला होता. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी या चारही भाषा तो सहज बोले. गिरणीमागच्या चार गल्ल्यांत याच चार भाषा होत्या. पाण्याचा नळ मात्र एकाही गल्लीत नव्हता.

तेलुगू विणकरांच्या गल्लीत काशम्मा राहत असे. ती विधवा होती आणि गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात कामाला होती. विहीर लांब, तिच्यावर बायकांची ही रांग! पाणी आणावे तर गिरणीचा भोंगा होऊन दार बंद होई. गिरणी गाठावी तर घरात प्यायला थेंब नसे. पाण्यापायी तिचे तीन खाडे झाले होते. आणखी एक झाला की मुकादम तिला कायमची घरी बसवणार होता.

अशात नगरपालिकेची निवडणूक आली. आमच्या भागातून वेणीमाधवराव वकील उभे राहिले. त्यांनी रामहरीला बोलावून सांगितले, "प्रत्येक गल्लीत जाऊन सांगा, नळ तुमच्याच दारात येणार. ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगा."

रामहरी चाचरला. "पन साहेब, नळ एकच मिळायचा न्हवं?"

"ते निवडून आल्यावर बघू. यांची भाषा त्यांना कुठे कळतेय?"

खरे सांगतो मित्रांनो, मला तेव्हा काहीच खटकले नाही. मी आपला ऐटीत चार गल्ल्या फिरलो. तेलुगूतून मार्कंडेयाच्या देवळापुढे नळ दिला, कानडीतून मठापुढे, दखनीतून मशिदीपुढे आणि मराठीतून तालमीपुढे. चारही गल्ल्या खूश!

पण एका खात्यात दहा दहा तास शेजारी उभ्या राहणाऱ्या बायकांना एकमेकींच्या भाषा येतात, हे वकिलांच्या गावीही नव्हते. दुसऱ्याच दिवशी गिरणीत काशम्मा आनंदाने म्हणाली, "आमच्या देवळासमोर नळ येनार हाय की!"

"क्या बोलती गे!" हुरमतबी म्हणाली. "नल तो हमारे मशीद के सामने आता बोलके बोले!"

"व्हय का? मग आमच्या तालमीम्होरं येनार म्हनून कुनी सांगितलं?" सारजाबाईने विचारले. मठाच्या गल्लीतली कमलम्मा तर कंबरेवर हात देऊन उभीच राहिली. आधी चौघींचे कडाक्याचे भांडण झाले. मग खोटे कोण बोलले ते ध्यानात आले आणि चौघी पोट धरून हसल्या. पुढचा बेत त्यांनी तिथेच ठरवला.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, चारही गल्ल्या मिळतात त्या चौकात सभा भरली. प्रत्येक गल्ली आपापल्या कोपऱ्यात बसली होती. वकील उठणार, तोच काशम्मा बाकावर चढली आणि रामहरीच्या हातातून तिने मला ओढून घेतले. त्यानेही मुकाट्याने दिले.

"नीळ्ळु! नीरु! पानी! पाणी!" ती गरजली. मग चार गल्ल्यांना दिलेली चार वचने तिने चार भाषांत सगळ्यांना ऐकवली. सभेत एकच गलका उठला.

"नळ हितं, या चौकात पायजे," ती वकिलांना म्हणाली. "आता तुमीच बोला साहेब, चारी भाषेत. मी सांगते तसं. न्हायतर घरपट्टी भरनाऱ्यालाच मत असतंय, अन् घरपट्टी माज्या नावावर हाय, मत बी माजं हाय. या तिघी आपापली गल्ली बघत्याल."

वकिलांनी मला तोंडाला लावले. ती एक एक शब्द सांगे आणि ते माझ्यातून बोलत. त्यांची तेलुगू ऐकून पोरेबाळे लोळली, कानडीला तर म्हातारेही हसले. पण चौथ्यांदा वचन दिले तेव्हा अख्ख्या चौकाने टाळ्या वाजवल्या. काय सांगू तुम्हाला, माझा पत्रा नुसता झणझणत होता!

वकील निवडून आले. शब्द फिरवायची सोय उरली नव्हती, कारण तो सगळ्यांनी एकाच जागी बसून ऐकला होता. सहा महिन्यांत चौकात नळ आला. पहिली धार कोणाच्या घागरीत, यावरून पुन्हा भांडण पेटणार होते. चौघींनी चार तांबे एकदम धारेखाली धरले आणि सगळ्याच भिजल्या. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा काशम्मा घरचे पाणी भरून गिरणीच्या दारात उभी होती. तिचा चौथा खाडा कधीच झाला नाही.

पुढे लाउडस्पीकर आले आणि मी खुंटीवर गेलो. तक्रार नाही, पण मित्रांनो, जुन्या कर्ण्याला अधूनमधून पुसावे, थोडे तेल लावावे. आणि एवढे ऐका, माझ्यातून प्रत्येक गल्लीत वेगळे बोलू नका. मी पत्र्याचा, बोलाल ते निमूट बोलेन. पण बायका गिरणीत भेटतात.