पातेल्यावरचा पहारा

सुनेला पहिला संशय आला तो वासावरून. कामावरून येऊन तिनं दार उघडलं तर जळक्या तेलाचा वास, आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. एरवी दाराला जरा फट राहिली तरी शाल आणा म्हणून ओरडणाऱ्या सासूबाई आज खिडकी उघडून बसल्या? शक्यच नाही.

"आई, काही जळलं का?"

"छे गं. काय जळणार?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आवाज वाढवला! सुनेनं ते मनात पक्कं नोंदवलं. ती तडक ओट्यापाशी गेली. तिचं निळं पातेलं जागेवरच होतं, पण सकाळी त्याचे दोन्ही कान भिंतीला धरून सरळ होते. आता एक कान नळाकडे वळला होता.

हे पातेलं म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. बिडाचं, आणि त्यावर आतून-बाहेरून इनॅमलचा थर, काचेसारखा गुळगुळीत. ते निवडायला तिनं दुकानात इतका वेळ काढला होता की नवरा शेवटी स्टुलावर बसून पेंगायला लागला. त्याला आतून काळं हवं होतं, डाग दिसत नाहीत म्हणून. "दिसत नाहीत म्हणजे नसतात का?" असं म्हणून तिनं त्याला गप्प केलं आणि आतून दुधी रंगाचं घेतलं. कांदा किती तांबूस झाला ते डोळ्यांना दिसायला नको? मापही मधलं निवडलं. मोठं भरल्यावर उचलायला पैलवान बोलवावा लागला असता. दुकानदारानं चार गोष्टी बजावल्या होत्या. आच मंद ठेवायची, लोखंडी उलथनं लावायचं नाही, तापलेल्यावर गार पाणी ओतायचं नाही, आणि रिकामं तर कधीच तापवायचं नाही. नवऱ्याकडून हे सगळं तिनं घरी पोचेपर्यंत पाठ करून घेतलं. सासूबाईंना मात्र एकच वाक्य ऐकवलं, "आई, याला तुम्ही हात लावू नका हं."

सासूबाईंनी तेव्हा पातेल्याच्या काठावरून अंगठा फिरवला होता. झाकण टेकतं तिथे इनॅमल जेमतेम असतं, खालचं काळं बीड दिसतं. "वरून नटवलंय," त्या म्हणाल्या होत्या, "पण आहे बीडच." आता नटवलंय म्हणजे काय? हा टोमणा पातेल्याला की ते आणणारीला? सुनेच्या ते जिव्हारी लागलं.

त्यात पहिलाच स्वयंपाक फसला. नणंद आणि तिचा नवरा जेवायला यायचे होते, घाई होती, म्हणून आच मोठी केली. कांदा तळाला जो धरला तो सुटेचना आणि अख्ख्या रश्शाला करपट वास लागला. नणंदेचा नवरा म्हणाला, "वा, धुरी दिलेली दिसतेय!" सगळे पोट धरून हसले. सून मागे जाऊन तळ घासत रडत होती, तर सासूबाई पाठीशी येऊन उभ्या. "चिकटलं का गं?" एवढंच विचारलं आणि गेल्या. झालं! जखमेवर मीठ.

त्यानंतर तर पुराव्यांची रांगच लागली. सून चष्म्याच्या दुकानात काचा तपासायची. ओरखडा, फुगा, पुसटशी रेघ शोधून काढणं हे तिच्या पोटापाण्याचं काम. संध्याकाळी घरी आली की ती पातेलं दिव्याखाली धरायची. आतला दुधी थर पिवळट पडत चालला होता. घासलं तरी बोटाला चिकट लागायचं. मग तळाशी केसाएवढ्या बारीक चिरा दिसल्या. तेलाची बाटली भराभर उतरत होती. सिंकखाली डब्यामागे कोंबलेली एक तेलकट चिंधी सापडली. आणि जन्मभर हातानं जेवलेल्या सासूबाई अचानक चमच्यानं जेवायला लागल्या. लेकीच्या घरचा बडेजाव इथेही सुरू झाला वाटतं, सून मनात म्हणाली.

"आई कशाला त्या पातेल्याच्या मुळावर उठेल?" नवरा वैतागला.

"तेच तर मी विचारतेय! त्यांच्या हातचं सगळे मिटक्या मारत खातात. माझं चांगलं झालेलं बघवत नसेल."

"काहीतरीच काय!"

"तुझी आई ना, तुला कसं दिसणार?"

हे रोजचंच झालं. शेवटी सुनेनं हट्टच धरला की सासूबाईंनी आता लेकीकडे राहावं. नवऱ्यानं मान खाली घालून बहिणीला फोन केला. तिनं रविवारी न्यायला यायचं ठरलं. सासूबाईंना सांगितलं, थोडे दिवस हवापालट होईल. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. का, कशाला, किती दिवस, काही नाही! सुनेला त्या "बरं"चाही संशय आला. इतक्या मुकाट्यानं कुणी ऐकतं का?

पण म्हातारीला विनाकारण घराबाहेर काढलं असं उद्या कुणी म्हणायला नको. पुरावा हवा, तोही रंगेहाथ. म्हणून जायच्या आदल्या दिवशी डोकं दुखतंय असं सांगून ती भर दुपारी दुकानातून निघाली. जिना चढताना चपला हातात घेतल्या. किल्ली अलगद फिरवली. घरात निळसर धूर भरला होता.

सासूबाई शेगडीपुढे उभ्या होत्या. शेगडीवर पातेलं, रिकामं, खाली भडका. आणि बाई चिंधीचा बोळा तेलात बुडवून आतून फिरवताहेत, चटका बसला की बोटं तोंडात घालताहेत, पुन्हा फिरवताहेत.

"सापडलात ना!" सून कडाडली. "माझं पातेलं जाळून काय मिळालं हो तुम्हाला?"

सासूबाई इतक्या दचकल्या की बोळा खाली पडला. "अगं बाई! तू कशी आत्ता? जाळत नाही गं. तेल पाजतेय."

"तेल?"

"बिडाला तेल पाजून तापवावं लागतं. पुन्हा पाजायचं, पुन्हा तापवायचं. मग ते मुरतं आणि काही म्हणजे काही चिकटत नाही. त्या दिवशी ते लोक हसले आणि तू तिकडे रडत होतीस. मला नाही बघवलं ते."

"मग मला सांगायचं नाही?"

"हात लावू नका म्हणाली होतीस ना. म्हटलं, गुपचूप करून ठेवावं." सासूबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "माझ्या सासूला सगळं ठाऊक होतं, पण मला सांगितलं नाही. माझं रोज चिकटायचं आणि त्या चारचौघांत हसायच्या. तेव्हाच मी ठरवलं होतं, माझी सून आली की तिचं चिकटू द्यायचं नाही."

सुनेच्या जिभेवर दुकानदाराचे शब्द आले होते. आई, हा वरचा थर काचेचा आहे, काच तेल पीत नाही, रिकामं तापवलं म्हणूनच या चिरा गेल्या. पातेलं कामातून गेलं होतं, ते तिला स्वच्छ दिसत होतं. पण तिचं लक्ष सासूबाईंच्या बोटांकडे गेलं. शेंड्यांना फोड आले होते, काही फुटले होते. चमच्याचं कोडं तिथंच सुटलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, पण इतकी घाई कशाला?" तिनं शेगडी बंद केली. "रोजच्या रोज हात भाजून घेत?"

"उद्या जायचंय ना मला. एरवी सवडीनं केलं असतं. बीड नीट मुरायला वर्ष लागतं. पण तू मला पाठवणार हे केव्हाच कळलं होतं, मग वेळ कुठला?"

"मी पाठवतेय असं कोण म्हणालं?"

"ते काय सांगावं लागतं का गं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि सुनेला तेच सोसवेना.

तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं. मलम आणलं, एकेका बोटाला लावलं, फुंकर घातली. मग नणंदेला फोन लावला. "उद्या जेवायलाच या. हो, दोघंही या. न्यायला नको, आई कुठे जात नाहीयेत."

सासूबाई टक लावून बघत होत्या. आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता. "तोंडदेखलं बोलतेस की खरं?"

"वर्ष लागतं म्हणालात ना?"

"लागतंच."

"मग काम अर्धवट टाकून कुठे निघालात?"

सासूबाईंनी मलम लावलेलं बोट तेलाच्या बाटलीकडे केलं. "आजचा हात राहिलाय. कोमट आहे तोवर फिरव. काठ विसरू नकोस."

सुनेनं खाली पडलेला बोळा उचलला. दुकानदाराचा शब्द न् शब्द तिला आठवत होता. तिनं बोळा तेलात बुडवला आणि चिरा गेलेल्या त्या पातेल्याला सासूबाई सांगतील तसं तेल पाजलं.