वाळूतले दोन डोळे

झुवैनावहिनी समुद्रकाठच्या सूर गावची, कोळ्याची मुलगी. लग्न होऊन आमच्या वाळवंटात आली त्याला वीस दिवस झाले होते आणि वीसही दिवस ती गप्पच होती. सुहैलदादा तेलाच्या कॅम्पवर कामाला. महिन्यातून एकदा घरी यायचा. तिच्याशी बोलायला मी, आई आणि खल्फानकाका. त्यातले काका एकटेच चौघांचं बोलून टाकायचे.

त्या सकाळी आई उंटिणींकडे गेली होती. आम्ही झावळ्यांच्या छपराखाली खजूर आणि कॉफी घेऊन बसलो होतो. काका बोलता बोलता थांबले, तेव्हाच मी घाबरले. चटईच्या कडेला वाळूतून मोहरीएवढे दोन डोळे वर बघत होते. बाकी अंगाचा पत्ता नाही.

"हलू नका," काका कुजबुजले. "शिंगाळी घोणस आहे."

"शिंगं कुठायत?" मी विचारलं.

"आत घेतली असतील."

एवढं बोलून ते अनवाणीच पिकअपच्या टपावर चढले. जूनचं ऊन, पत्रा तापलेला. काका एकदा हा पाय उचलत, एकदा तो.

"काका, पाय भाजतील. खाली या."

"मी इथून लक्ष ठेवतोय."

वहिनी हसली. वीस दिवसांत पहिल्यांदा. "आमच्याकडे समुद्राच्या तळाशी असेच डोळे दिसतात," ती म्हणाली. "चपटा मासा असतो, वाळूत अंग पुरून बसलेला." आणि मी हात धरायच्या आत तिनं वाळूत हात घातला.

हातभर लांब, पिवळसर, तपकिरी पट्ट्यांचं ते जनावर तिच्या मनगटाला वेटोळं घालून बसलं. बोथट शेपूट पाहिल्यावर माझा जीव भांड्यात पडला. दस्सास होता तो, आमच्याकडचं मांडूळ. त्याला विष नसतं.

तेवढ्यात आई आली. तिनं वेटोळं हलक्या हातानं सोडवलं, दस्सास टोपलीत ठेवला आणि मग वहिनीच्या हातावर एक चापट मारली.

"घोणस असती तर? सुहैलला काय तोंड दाखवलं असतं मी?" आई म्हणाली.

वहिनीला रडूच फुटलं. "तिकडे पाण्याचा रंग बघून मी वारा सांगायचे. इथलं मला काहीच कळत नाही, आई."

"मग विचारायचं की गं."

"काका बोलत असतात."

आईनं टपाकडे पाहिलं. "ते मात्र खरं."

ऊन उतरल्यावर त्या दोघींनी दस्सासला घाफच्या झाडापाशी सोडलं. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे आई तिला वाळूत घेऊन जाऊ लागली. दस्सासचा माग म्हणजे बोट ओढावं तशी ढासळलेली चर. घोणशीचा माग म्हणजे तिरक्या, सुट्या रेघा. तिथं पाऊल टाकायचं नाही. वहिनी परत येऊन काय काय पाहिलं ते सांगायची आणि काकांना मध्ये बोलू द्यायची नाही.

दादा आला तेव्हा तिनं त्याला कॉफीसुद्धा पिऊ दिली नाही, थेट झाडापाशी ओढत नेलं. वाळूत दोन चरी होत्या, एक जाड, एक बारीक, एकाच झुडपाखाली गेलेल्या.

"जोडपं आहे," ती म्हणाली. "जाड माग मादीचा."

दादानं डोकं खाजवलं. "मला वाटलं, कुणी दोरी ओढत नेली."

"त्याला नको विचारूस," आई मागून म्हणाली. "जन्म इथं गेला, पण वाळू कधी वाचता आली नाही. काकांवर गेलाय."