केक चोरला कोणी?

मित्रांनो, मी एक जुनं, कव्हर नसलेलं कॉमिक आहे. माझी ही दशा कशी झाली, तेच आज सांगतो.

माझे मालक, न्यूयॉर्कचे ग्लासरसाहेब, मूळचे खिशात मावणाऱ्या कादंबऱ्यांचे प्रकाशक. कॉमिकच्या धंद्यात अगदी नवखे. "पुस्तक कव्हरावर खपतं. आत काय आहे ते घरी जाऊन कळू दे!" हा त्यांचा खाक्या. माझ्या आत होती कोंबडीबाईंच्या खानावळीतल्या केकचोरीची गोष्ट. कव्हरावर मात्र रडणारी सुंदरी आणि धूर सोडणारं पिस्तूल! वर कागद वाचवायला गोष्टीचं शेवटचं पान त्यांनी मागच्या कव्हराच्या आतल्या बाजूला छापलं.

ओहायोतल्या एका गावात, औषधांच्या दुकानात (तिकडे कॉमिकंही तिथेच विकतात) मी लटकत राहिलो. मुलांना खून हवा होता, मिळाली कोंबडी. आयांना कोंबडी चालली असती, दिसलं पिस्तूल. मला कोणी घेईना.

अशात गावातल्या बायकांनी वाईट कॉमिकांची होळी करायचं ठरवलं. त्यांच्या पुढारी ओपलबाई ट्रिंबल. चर्चच्या अंगणात ढीग रचला गेला; माझं पिस्तूल बघून दुकानातून मलाही त्यात आणून टाकलं. भाषणात दाखला द्यायला म्हणून बाईंनी ढिगातून मला उचललं, उघडलं आणि त्यांना फिस्सकन हसू फुटलं.

"फार घाण आहे का गं?" शेजारणीने, फर्नने विचारलं.

"भयंकर!" असं म्हणून बाईंनी पान उलटलं.

मग नाइलाजाने त्यांनी भाषण ठोकलं, "यांतलं घाणेरडं तर तोंडानं सांगायचीही सोय नाही!" ढीग पेटला. माझे प्राण कंठाशी आले. बाईंची तर अर्धी गोष्ट राहिली होती, आणि सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी टर्रकन माझं कव्हर फाडलं, उंच धरून आगीत टाकलं आणि टाळ्यांच्या गडबडीत मला स्वेटरखाली कोंबलं.

घरी दार लावून बाई वाचत बसल्या. कोंबडीबाई गरजतात, "चोर याच खोलीत आहे!" आणि पुढे पानच नाही. मलाही काही आठवेना. माझी ती आठवण कव्हराबरोबर जळाली होती.

आता ओपलबाईंचे केस पिकलेत. परवा फर्न कॉफीला आली, तेव्हा त्यांना राहवलं नाही. मला पुढे करून त्यांनी सगळं सांगून टाकलं. फर्न पोट धरधरून हसली.

"अगं, मी हे तेव्हाच दुकानात उभ्या उभ्या वाचलं होतं. शेवटापर्यंत!"

"मग सांग ना बाई! केक चोरला कोणी?"

"छे! असलं घाणेरडं मी तोंडानं कसं सांगू? भाषण तुझंच ना?"

मित्रांनो, पुस्तक जाळायचंच असेल, तर आधी शेवटापर्यंत वाचा. आणि माझं एखादं कव्हरासकट भावंड तुमच्या माळ्यावर असेल, तर लवकर कळवा. ओपलबाईंना झोप नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही.