निळ्या रंगाखालची खूण

चाकणच्या बाजारातून निघालेल्या ट्रकमागे कांद्याची गुलाबी सालं उडत राहतात.

कोणाच्या तरी मांडीवर रिकामा डबा. आत एक चमचा, अधूनमधून वाजणारा.

निळ्या ऑइलपेंटचं झाकण, पान्याच्या टोकाने उचकटलेलं.

टक.

झोपलेल्या बाया एकाच वेळी डावीकडे कलतात. मग उजवीकडे.

*

व्हॅन आम्रपालीची. म्हणजे तिच्या वडिलांची, अण्णासाहेबांची; त्यांची नजर अधू झाल्यापासून ती चालवते. भोसरीतून बाया घ्यायच्या, चाकणच्या कंपनीत सोडायच्या, पहिली पाळी सुटली की परत आणायच्या. परतीच्या वाटेवर बाया चपला काढतात, पाय वर घेतात आणि झोपतात. घरी गेल्यावर पाणी, स्वयंपाक, पोरं. दिवसातली त्यांची स्वतःची म्हणावी अशी झोप हीच. त्यासाठी तर त्यांनी मोठी बस सोडली होती.

आणि आता कुरुळी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, वेग वाढला, की गाडी गुणगुणू लागते. भिंतीपलीकडे कोणी पिठाची गिरणी सुरू करावी तशी. फरशी थरथरते. पहिल्यांदा मधल्या सीटवरच्या कस्तुराचे डोळे उघडतात. मग तिच्या मागचीचे. मोशीचा पूल येईपर्यंत सगळी व्हॅन जागी.

बायांनी सांगून टाकलं होतं, हा महिना बघू, नाहीतर पुन्हा बस. आम्रपालीच्या भावाने, धम्मरत्नने, भंगारवाला बघून ठेवला होता. बाया गेल्या की गाडी गेली.

*

ज्ञानदेवच्या भोसरीतल्या गॅरेजमध्ये काय काय झालं, आठवेल तसं:

टायर पुढचे मागे केले. गुणगुण.

मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं. गुणगुण. बेअरिंग गेलेलं असतं तर वळणावर आवाज बदलला असता, हे बदलून झाल्यावर सुचलं.

चालत्या गाडीत क्लच दाबला. इंजिन शांत. गुणगुण तशीच, जणू तिला इंजिनाची गरजच नव्हती.

मग शाफ्ट. गाडीच्या पोटाखालून, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरत जाणारा लांब दांडा, दोन तुकड्यांचा. त्याच्या सांध्यात क्रॉस असतो, चार टोकांचा लोखंडी तुकडा. तो झिजला होता, कडेला गंजाची लाल पूड. हाताने पिळला की टक. ज्ञानदेवने नवा बसवला. बाया थोडे दिवस झोपल्या.

मग पुन्हा लाल पूड.

पुन्हा नवा.

पुन्हा.

*

रविवारी रस्ता रिकामा होता. आम्रपालीने कस्तुराला मुद्दाम बोलावलं आणि मधल्या सीटवर झोपायला सांगितलं. झोपायचं काम पहिल्यांदाच मिळतंय, असं म्हणत कस्तुरा आडवी झाली. ज्ञानदेव सीटांमधल्या जागेत पत्र्याला कान लावून पडला.

राजगुरुनगरकडे. कंपन्यांची फाटकं बंद. ऊन पिवळं, पातळ. आरशात आम्रपालीला दोन झोपलेली माणसं दिसली, कारण ज्ञानदेवलाही झोप लागली होती. तिला वाटलं, आपण गाडी चालवत नाही, रस्ताच खालून ओढला जातोय, निळ्या कापडासारखा. तिने वेग वाढवला.

गुणगुण.

कस्तुरा उठून बसली. ज्ञानदेव घोरतच होता.

"आवाजानं नाही गं जाग येत," ती म्हणाली. "पाळण्याला दोघी दोन बाजूंनी झोका देतात ना, आणि एकीचा ठेका चुकतो. तसं होतंय. पोर काय झोपणार?"

ज्ञानदेवचं घोरणं थांबलं. डोळे न उघडताच त्याने विचारलं, "दोघी?"

मग म्हणाला, "ताई, गाडी बाजूला घ्या."

*

गाडीखाली सगळं निळं होतं. एका चौदा एप्रिलला ही व्हॅन मिरवणुकीत पुढे होती. तेव्हा अण्णांनी ती आतून बाहेरून रंगवली आणि मग पाठीवर पडून खालूनही, जिथे कोणी बघणार नव्हतं तिथेही. शाफ्टसुद्धा.

ज्ञानदेवने नखाने, मग पान्याने रंग खरवडला. शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर पंचाने मारलेला एकेक ठिपका असतो. जोडताना ते समोरासमोर आले पाहिजेत, म्हणजे दोन्हीकडचे सांधे एका ठेक्यात फिरतात. एक ठिपका सापडला. दुसरा पाव फेरा लांब निघाला.

रंगानंतर मधलं बेअरिंग बदलायला शाफ्ट त्यानेच उघडला होता. खूण दिसली नाही. अंदाजाने जोडला.

"मीच बसवलाय," तो खालून म्हणाला. बराच वेळ बाहेर आला नाही.

*

सोमवारी शाफ्ट जुळवून, नवा क्रॉस टाकून गाडी निघाली. कुरुळी. वेग. काही नाही. मोशीच्या पुलावर चमचासुद्धा वाजला नाही. कस्तुराचा थांबा आला तेव्हा तिला हलवून उठवावं लागलं. उतरताना तिने चुकून दुसरीच्या चपला घातल्या आणि तशीच गेली. बसचं नाव कोणी काढलं नाही. संध्याकाळी आम्रपालीने भावाला भंगारवाल्याला नकार कळवायला सांगितलं.

अण्णा ओट्यावर बसले होते. काय निघालं, असं त्यांनी विचारलं.

"क्रॉस झिजला होता, अण्णा."

"आणि खालचा रंग? राहिलाय का?"

"आहे की. तस्साच."

अण्णांनी मान हलवली. रंग चांगल्यातला होता, म्हणाले.

*

त्या एप्रिलात रंगवायला गाडीखाली शिरताना अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता, काचेवर निळे थेंब पडू नयेत म्हणून.